कुळ्याचं जुनं स्टेशन: रंगवायचं, राखायचं, की तिथे गाडी थांबवायची?

कुळागरकर (रविवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. आज आईला घेऊन कुळ्याला गेलो होतो, म्हणजे गोव्यात घाटाच्या पायथ्याशी असलेल्या स्टेशनाच्या गावी. तिचं माहेर तिथलं. माझे आजोबा रेल्वेत पॉइंट्समन होते, गाडीला रूळ बदलून देणारे. क्वार्टर्सच्या रांगेतलं त्यांचं घर नेमकं कुठलं, यावर आईचं आणि मावशीचं फोनवर अर्धा तास भांडण झालं. निकाल लागला नाही. मग आई फलाटावरच्या बाकावर बसली आणि छताच्या एका वाशाकडे बोट दाखवून म्हणाली, "हांगा घांट आशिल्ली." घंटा म्हणजे रुळाचा हातभर तुकडा, तारेने टांगलेला. गाडी मागच्या स्टेशनावरून सुटली की आजोबा त्यावर लोखंडी दांडा हाणायचे, आणि तो आवाज ऐकला की आजी भाताखालचा जाळ कमी करायची. आजोबा गाडी काढून दिल्याशिवाय जेवायला येणार नाहीत, हे ठरलेलं.

आता मुद्द्याचं. गावातल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: सावर्डे आणि वास्को रेल्वेच्या स्टेशनं सुधारायच्या अमृत भारत योजनेत आली, मग कुळ्याचंही काहीतरी व्हायला हवं, जुन्या खोल्यांत छोटं संग्रहालय करावं, बाहेर एखादं जुनं इंजिन ठेवावं. मला कल्पना आवडली. आईला नाही. ती म्हणाली, "इंजिन ठेवा नाहीतर हत्ती ठेवा, बसायला सावली करा आधी."

तुमचं मत काय? कुणाकडे जुन्या आठवणी, फोटो असतील तर तेही टाका.

---

घाटवळण (९.५२)

वाचतोय. आईंना +१.

---

तिसरी_घंटा (१०.०५)

पोर्तुगीजांनी एवढी सुंदर रेल्वे बांधून दिली, आपल्याला साधं स्टेशन सांभाळता येत नाही. हेच आपलं दुर्दैव.

---

मिठागर (१०.३१)

तिसरी_घंटा, राग मानू नका, पण "बांधून दिली" यात दोन चुका आहेत. बांधली ती पोर्तुगीजांनी नव्हे, आणि "दिली" तर नव्हेच.

१८७८ साली लिस्बनमध्ये ब्रिटिश आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला. त्यातून मुरगावचं बंदर आणि तिथून घाटमाथ्यापर्यंतची रेल्वे निघाली. कंपनी इंग्रजी भांडवलाची, नाव लांबलचक: वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे. यातल्या "गॅरंटीड" शब्दावर बोट ठेवा. भागधारकांना ठरावीक परतावा मिळेल याची हमी पोर्तुगीज सरकारने घेतली होती. धंदा बुडाला तरी लंडनच्या शेअरवाल्याचं बुडू नये, अशी सोय. पुढे गाड्या चालवल्या त्याही घाटावरच्या, ब्रिटिश हद्दीतल्या सदर्न मराठा रेल्वेने.

आता ही हमी कुणाच्या जिवावर? त्याच करारात गोव्यातल्या मिठाची मक्तेदारी इंग्रजांकडे गेली. मीठ किती पिकवायचं, कुणाला विकायचं, यावर त्यांचा ताबा. अबकारीचे नियमही ब्रिटिश हद्दीसारखे झाले, त्यात माडाची सूर काढणारे रेंदेर भरडले गेले. बदल्यात पोर्तुगालला दरसाल ४ लाख रुपये. १८९२ साली करार संपला, पण तोवर कित्येक मिठागरं ओस पडली होती आणि माणसं मुंबईची वाट धरत होती. तीही याच गाडीने!

तेव्हा संग्रहालय करणार असाल तर इंजिनाच्या शेजारी एक मिठाचं पोतं ठेवा. माझं सदस्यनाम उगाच नाही. पणजोबांचं आगर होतं.

---

तिसरी_घंटा (१०.४४)

बरं बाबा, शब्द मागे. पण बांधकाम सुंदर आहे हे तरी म्हणू द्याल?

---

मिठागर (१०.४६)

म्हणा की. सुंदर आहेच. इतक्या पैशात व्हायलाच हवं होतं.

---

रोजचा_पासवाला (सोमवार, सकाळी ६.५५)

इतिहास वाचून डोळे भरून आले. आता भूगोल ऐका.

मी कुडचड्याहून वास्कोला पॅसेंजरने जाणारा माणूस. (बाहेरच्यांसाठी: आमच्या स्टेशनावर पाटी सावर्ड्याची, स्टेशन उभं कुडचड्यात. सावर्डे नदीपलीकडे. सुरुवातच अशी गोंधळाची.) या मार्गाचं खरं काम आहे कुळे-वास्को पॅसेंजर. नर्सिंगच्या मुली, बंदरातले कामगार, टोपलीत केळी-पानं घेऊन मडगावच्या बाजाराला निघालेल्या बायका. कोविडात गाडी बंद झाली तेव्हा आमच्या डब्यातल्या तिघांनी स्कूटर घेतल्या, एकाने नोकरीच सोडली. गाडी परत आली, पण गेलेले सगळे परत आले नाहीत. लोकांची सवय एकदा मोडली की मोडली.

त्यामुळे रंग, कमानी, सेल्फी पॉइंट, सगळं करा, पण स्टेशन जिवंत आहे की नाही हे कळण्याची खूण एकच: तिथे किती गाड्या थांबतात. बाकी सगळी आरास.

घाईत आहे. गाडी आली.

---

घाटवळण (७.१०)

वेळेवर आली??

---

रोजचा_पासवाला (७.३१)

आली. म्हणून तर दचकलो.

---

शेवंतीची_वेणी (सोमवार, दुपारी २.१५)

कुळागरकर, तुमच्या आईंची घंटा वाचली आणि आमची आजी आठवली. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आजीचं माहेर बेळगाव, सासर मडगाव. म्हणजे माहेरी जायचं तर देश ओलांडायचा. इकडे कुळ्याला पोर्तुगीज कस्टम्स, वर घाटमाथ्यावर कॅसल रॉकला पलीकडचं, भारताचं. दोन्हीकडे ट्रंका खाली उतरवायच्या, उघडायच्या, तपासून झालं की झाकणावर खडूने फुली मारायचे. आजीच्या ट्रंकेवर अशा फुल्यांचे थरावर थर होते. ती पुसायची नाही. म्हणायची, कपड्याने खडू पुसला तर उद्या म्हणतील तपासलीच नाही.

१९५३ साली ती पहिल्या बाळंतपणाला बेळगावला गेली. परतताना आईने खणाचं कापड दिलं, पाच-सहा चोळ्या होतील एवढं. त्यावर जकात बसणार या भीतीने आजीने ते बाळाच्या दुपट्यांखाली, थेट त्याच्या अंगाखाली पसरलं. घाट उतरून गाडी कुळ्याला आली. पाखलो (म्हणजे गोरा पोर्तुगीज शिपाई) डब्याजवळ आला, दुपट्याकडे हात नेला, आणि आमच्या थोरल्या काकांनी नेमकी तीच वेळ साधली. पाखल्याने हात मागे घेतला, नाक मुरडलं आणि ट्रंकेवर फुली मारून पुढे गेला. जकात वाचली, खण गेला. डाग शेवटपर्यंत निघाले नाहीत. चोळी कुणीच शिवली नाही, आणि कापड टाकलंही नाही. आजही ते ट्रंकेत आहे. काका आता सत्तरी ओलांडून गेलेत, पण लग्नकार्यात कुणीतरी तो विषय काढतंच.

हसण्यावारी नेण्यासारखं इथपर्यंतच. दोन वर्षांनी, १९५५ मध्ये, सत्याग्रहानंतर सीमा बंद झाली आणि आरपार गाडी थांबली. इकडची गाडी कुळ्यापर्यंत, तिकडची कॅसल रॉकपर्यंत. मधल्या घाटात माकडं. आजीचे वडील बेळगावला वारले त्याचं पत्र तिला मिळालं तेव्हा तेरावं उलटून गेलं होतं. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. पुढे गाडी परत सुरू झाल्यावर ती ज्या दिवशी माहेरी निघाली, त्या दिवशी कुळ्याला सवयीने उठून ट्रंक उघडायला गेली. शेजारची बाई म्हणाली, "अगो, आता कोण विचारतो?" आजी ट्रंकेवर बसली आणि रडली. फुली मारायला कुणी आलं नाही म्हणून रडली, असं आजोबा चिडवायचे.

संग्रहालय झालं तर ती ट्रंक द्यायला मी तयार आहे. खणासकट.

---

कुळागरकर (२.४०)

शेवंतीताई, काय लिहू कळत नाही. आईला वाचून दाखवलं. तिने फक्त विचारलं, खण कुठल्या रंगाचा होता?

---

शेवंतीची_वेणी (२.४८)

डाळिंबी. काठ हिरवे.

---

नुस्त्याची_कढी (३.०२)

थोरल्या काकांचा जाहीर सत्कार व्हावा. कस्टम्सविरुद्धचा पहिला यशस्वी लढा :)

---

हुबळीचा_जावई (सोमवार, रात्री ८.२०)

मी रेल्वेत ३१ वर्षं काढली, त्यातली बरीच याच घाटात. त्यामुळे दोन गोष्टी लिहितो, कुणाच्या उत्साहावर पाणी ओतायचं नाही.

पहिली: कुळ्याची किंमत इमारतीत नाही, जागेत आहे. कुळे ते कॅसल रॉक हा २६ किलोमीटरचा टप्पा, चढ १ ला ३७. म्हणजे ३७ फूट पुढे सरकलात की १ फूट वर चढलात. कागदावर हे किरकोळ दिसतं. मालगाडीच्या गार्डला विचारा. एवढा चढ एकट्या इंजिनाने निघत नाही, म्हणून कुळ्याला मागून बँकर, म्हणजे जादा इंजिन, जोडतात, ढकलायला. उतरताना उलटी कथा: वर कॅसल रॉकला ब्रेकची तपासणी झाल्याशिवाय गाडी खाली सोडत नाहीत. वाटेत कॅच सायडिंग असतात. ताबा सुटलेली गाडी मुख्य मार्गावरून बाजूला काढून चढावर चढवायची, म्हणजे ती आपोआप थांबते. १८८७ ला गाडी मुरगावहून सावर्डे, मग कुळे असं करत आली, आणि घाटाचा टप्पा पुढच्या वर्षी, १८८८ ला उघडला. तेव्हापासून कुळे हे दम घ्यायचं ठिकाण आहे. चढणाऱ्याने कंबर कसायची, उतरणाऱ्याने सुटकेचा श्वास सोडायचा.

पावसाळ्यात तर विचारूच नका. जुलै २०२१ मध्ये कोकण रेल्वे बंद म्हणून मंगळूर-मुंबई गाडी याच मार्गाने वळवली होती. दूधसागर आणि सोनावळीच्या मध्ये दरड आली आणि ती रुळावरून उतरली. पावसाळ्यात इथे गस्तीची माणसं रात्रभर कंदील-बॅटऱ्या घेऊन चालतात. पुतळा उभारायचा तर त्यांचा उभारा.

दुसरी: "जुनं इंजिन ठेवा" म्हणणं सोपं आहे. हा मार्ग नव्वदीच्या दशकापर्यंत मीटर गेज होता, रुळांमधलं अंतर १ मीटर. रुंदीकरण झालं तेव्हा जुनी इंजिनं, डबे, रूळ, सगळं भंगारात किंवा इतरत्र गेलं. आता तुम्ही इंजिन आणणार कुठून? आणलंच तर वर्षभरात त्यावर गंज आणि "अमुक लव्ह्ज तमुक". हुबळीला २०२० साली रेल्वे संग्रहालय झालं, चांगलं आहे, तिथे सांभाळायला माणसं आहेत. कुळ्याला कोण सांभाळणार? ग्रुपवर मेसेज टाकणारे?

---

तिसरी_घंटा (८.३५)

म्हणजे गोव्याच्या रेल्वेचा इतिहास बघायला आम्ही हुबळीला जायचं? जावईबुवा, हे जरा सासरचं कौतुक झालं.

---

हुबळीचा_जावई (८.४१)

सासरचं कौतुक नाही केलं तर रात्री जेवण कोण देईल?

---

जीपवाला_नव्हे (८.५८)

सगळे दूधसागर विसरले का? कुळ्याला आज जो काही पैसा येतो तो धबधब्यामुळे. ३१० मीटरचा धबधबा, त्याच्या अंगावरून जाणारी रेल्वे. सगळ्या भारताच्या मोबाइलमध्ये हा फोटो आहे. स्टेशनच्या जुन्या खोल्यांत माहिती केंद्र, चहा, स्वच्छतागृह केलं तर पर्यटक दोन तास तरी गावात थांबतील. सध्या उतरतात, जीप धरतात, भिजून परत येतात, जातात. गावाला मिळतो तो चिखल.

---

नुस्त्याची_कढी (९.०४)

रुळांवरून चालत धबधब्याला जाणाऱ्यांना २०२३ च्या जुलैत रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या होत्या, तो व्हिडिओ आठवला. माहिती केंद्रात पहिली पाटी तीच लावा: "उठाबशांची सोय आहे."

---

रानमांजर (९.३०)

पर्यटन, संग्रहालय, सगळं ठीक. पण या मार्गावर बोलताना दुपदरीकरणाचा विषय टाळून चालणार नाही. २०२० च्या नोव्हेंबरात याच मार्गावरच्या चांदर गावात रात्रभर लोक रुळांवर का बसले होते? मोलेच्या अभयारण्यातून दुसरा मार्ग नेणं म्हणजे घाटाची वाट लावणं, आणि तो मुख्यतः मुरगावच्या कोळशासाठी. मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने घाटातल्या टप्प्याची वन्यजीव मंजुरी रद्द केली, म्हणून तेवढं तरी वाचलं. "स्टेशनचा विकास" या गोड नावाखाली उद्या हेच मागच्या दाराने येऊ नये, एवढंच.

---

रोजचा_पासवाला (९.४४)

रानमांजर, जंगल वाचायला हवं, सहमत. पण एक मार्ग असल्यामुळे माझी पॅसेंजर कुठल्यातरी स्टेशनात मालगाडीला वाट देत उभी राहते, त्याचं काय? तुम्ही ऑफिसला कशाने जाता?

---

रानमांजर (९.५०)

बाइकने. आणि तो टोमणा कळला. पण मालगाडी कोळशाची आहे हे विसरू नका. ती कमी करा, मार्ग आहे तोच पुरेल.

---

हुबळीचा_जावई (१०.०२)

दोघांचंही अर्धं बरोबर. मालगाडी नुसती कोळशाची नसते. खनिज, लोखंड, खत, सगळं जातं. पण एकेरी मार्गावर कोणाला आधी सोडायचं, हे टाइमटेबल बनवणाऱ्याच्या हातात असतं आणि तिथे पॅसेंजरचा नंबर शेवटी लागतो. हे मी आत बसून बघितलंय.

---

घाटवळण (१०.०५)

धागा रुळावरून घसरतोय. बँकर लावा.

---

बिब्बा (मंगळवार, सकाळी ११.२०)

उशिरा आलो. कुणी मिरजेबद्दल लिहिलं नाही याचं आश्चर्य वाटलं. पुण्या-मुंबईकडच्या गोवेकरांसाठी मीटर गेजच्या काळात मिरज म्हणजे मोठं नाटक. मुंबईहून मोठ्या गाडीने यायचं, मिरजेला उतरायचं, सामान डोक्यावर, पोरं काखेत, आणि छोट्या गाडीत जागा धरायला धावायचं. गोमंतक एक्स्प्रेस. आमचे बाबा टॉवेल खिडकीतून आत फेकून चार जागा धरायचे. एकदा टॉवेल गेला, जागाही गेली. आत बसलेल्या गृहस्थांनी टॉवेलाने घाम पुसला आणि घडी करून परत दिला.

पहाटे लोंढा, मग घाट. आई आम्हाला उठवायची ती बरोबर दूधसागरला. झोपेत धबधब्याचे तुषार तोंडावर आले की गोवा आला. कुळ्याला खाली उतरून नळावर तोंड धुवायचं. त्या नळाचं पाणी जगातलं सर्वात थंड होतं, यावर आम्हा भावंडांत आजही एकमत आहे, आणि आमचं एकमत होण्यासारखी ती एकच गोष्ट उरलीय.

कुळागरकर, तो नळ आहे का अजून? फलाटाच्या घाटाकडच्या टोकाला.

---

कुळागरकर (११.४८)

बघितला नाही हो. पुढच्या खेपेला बघतो.

---

जीपवाला_नव्हे (दुपारी १२.१०)

ता. क. सगळ्यांना राग येतो म्हणून सांगत नव्हतो, पण संग्रहालयाचा एक अनुभव. आम्ही काही जणांनी दुसऱ्या एका गावातल्या जुन्या वास्तूत असंच दालन केलं. उद्घाटनाला मंत्री, ढोल, नारळ. सहा महिन्यांनी किल्ली कुणाकडे आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. शेवटी सापडली ती शेजारच्या किराणा दुकानात, साखरेच्या डब्यात. आत वाळवीने फोटोंच्या चौकटी खाल्ल्या होत्या, फोटो तेवढे शाबूत. म्हणून मी माहिती केंद्र आणि चहा म्हटलं. चहावाल्याला रोज दार उघडावंच लागतं.

---

मिठागर (१२.३०)

हा या धाग्यातला सर्वात शहाणा प्रतिसाद. चहावाल्याच्या भिंतीवर शेवंतीताईंची ट्रंक, जावईबुवांचं कॅच सायडिंगचं चित्र आणि माझं मिठाचं पोतं. दुकानाचं भाडं नाममात्र, अट एकच: पॅसेंजर येण्याच्या वेळेस दुकान उघडं हवं.

---

रोजचा_पासवाला (१२.३६)

आणि पॅसेंजर उशिरा आली तर?

---

मिठागर (१२.३८)

दुसरा चहा.

---

शेवंतीची_वेणी (१.०५)

ट्रंक चहाच्या वाफेत ठेवणार नाही. काचेत हवी.

---

कुळागरकर (पुढचा रविवार, संध्याकाळी ७.१५)

मंडळी, आज परत जाऊन आलो, यावेळी पॅसेंजरनेच, आईच्या हट्टाने. कुडचड्याहून बसलो. पासवाले, तुमच्या डब्यातली केळीवाली बाई भेटली असावी. तिने आईला सरकून जागा दिली आणि उतरताना पाच केळी विकली. घासाघीस आईने केली, हरलीही आईच.

एका साहेबांना भेटलो, नाव-हुद्दा राहू दे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, सूचना लेखी द्या म्हणाले. जावईबुवा, अर्जाचा मसुदा तपासून द्याल का? यादीत आधी फलाटावर सावली आणि पाणी, मग पॅसेंजरची वेळ, मग चहाची जागा, शेवटी काचेचं कपाट. इंजिन काढून टाकलं. आई खूश.

बिब्बा, घाटाकडच्या टोकाला नळ आहे. तोच का ते सांगता येत नाही, स्टीलची तोटी आहे. पाणी प्यायलो. थंड होतं, पण जगातलं सर्वात थंड म्हणवत नाही. तुम्ही पहाटे प्यायला होतात, मी भर दुपारी.

आणि क्वार्टरचा निकाल लागला. मावशीला व्हिडिओ कॉल लावून रांगेपुढून चालत गेलो. आई एका दारापाशी थांबली, मावशी फोनमधून ओरडली, "पुढे, पुढे, फणसाकडे!" फणस दोन निघाले.

---

हुबळीचा_जावई (७.४०)

मसुदा पाठवा. आणि सावली "फलाटाच्या पूर्ण लांबीला" असं लिहा, नाहीतर एका बाकापुरता पत्रा ठोकून देतील.

---

बिब्बा (८.०२)

भर दुपारी गेलात तिथेच चुकलं. पहाटेच्या गाडीने जा.

---

रोजचा_पासवाला (८.०५)

पहाटेची गाडी थांबते का तिथे, ते आधी बघा :)